रग्बी खेळून पोट भरतं का?

गेल्या अंकात गुडघ्याच्या दुखण्याबद्दल लिहिताना मी सॅम वॉरबर्टन या वेल्सच्या माजी कर्णधाराचा ओझरता उल्लेख केला होता. एकोणतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली, की यावेळचं सदर अख्खं रग्बीला द्यायचं असं संपादकांनी ठरवलं. मला आनंदच झाला. नव्या वाचकांसाठी सांगते : मी मूळची मुंबईची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिच्याजवळच्या एका रुग्णालयात हाडं-स्नायूंच्या विभागात काम करते आणि हंगामात दर शनिवारी डोंगरखोऱ्यातल्या एका गावच्या रग्बी क्लबच्या मैदानाकडेला औषधांची बॅग घेऊन उभी असते. खाली जिथं नुसतं ‘रग्बी’ म्हटलंय, तिथं रग्बी युनियन समजा. पंधरा-पंधरा जणांचा, ऐंशी मिनिटांचा खेळ.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. आधी तालमीत जायचा, आता दोन वर्षं रग्बी खेळतो. ‘व्यावसायिक रग्बीपटू होणार, इंग्लंडला नाहीतर न्यूझीलंडला जाणार,’ असं म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, आधी बारावी कर. मी कोणाच्या बाजूनं बोलू? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोघांच्याही बाजूनं बोला. पण आधी मुलाला इकडचं चित्र आहे तसं दाखवा.

वेल्समध्ये रग्बी म्हणजे गावाचा श्वास. इथं सोळाव्या वर्षी जो मुलगा पुढं जाणार असतो, तो त्याआधीच कार्डिफ, स्कार्लेट्स, ऑस्प्रीज किंवा ड्रॅगन्स या चार व्यावसायिक संघांपैकी एकाच्या वयोगट संघात असतो. त्याची उंची, वजन, दहा मीटर पळायला लागणारा वेळ, सगळं कुणाच्या तरी संगणकात नोंदलेलं असतं. अठराव्या वर्षी त्यातल्या मोजक्यांना अकॅडमीचा करार मिळतो. या कराराचे पैसे बेताचेच असतात, घरच्यांचा आधार लागतोच. मग वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघ, आणि त्यातून गाळून उरलेल्यांना पूर्ण करार. माझ्या क्लबात एकेकाळी या चाळणीत शेवटपर्यंत टिकलेली दोन-तीन मुलं आहेत. उत्तम खेळतात. शनिवारी खेळतात आणि सोमवारी कुणी छपरं दुरुस्त करायला जातं, कुणी वायरिंगच्या कामाला. इथल्याच मुलांची ही गत, तर बाहेरून येणाऱ्यासाठी दार आणखी अरुंद. ब्रिटनमध्ये खेळाडू म्हणून व्हिसा हवा असेल, तर त्या खेळाच्या नियामक मंडळाची लेखी शिफारस लागते, आणि ती वरच्या पातळीवर खेळलेल्यालाच मिळते.

भारतात पैशाचं रग्बी सध्या सात-सात जणांच्या प्रकारात आहे. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून तोच प्रकार आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते, बाहेरच्या देशांतले नावाजलेले खेळाडू आले आणि आपली मुलं त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळली. मला ते फार मोठं पाऊल वाटतं. पण स्पर्धा दोन आठवड्यांची. उरलेल्या पन्नास आठवड्यांची भाकरी दुसरीकडूनच यायला हवी. म्हणून बारावी. शिवाय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन क्रीडा गुणांत आणि नोकरीच्या कोट्यात रग्बीची प्रमाणपत्रं कोणत्या स्पर्धांची धरतात, ते आताच विचारून ठेवा. मागून धावपळ होते.

एक गोष्ट मात्र मुलाच्या बाजूची. तालमीतून आलेल्या पोराची मान आणि कंबर तयार असते, आणि पट काढणाऱ्याला खाली जाऊन पाय धरायची भीती नसते. टॅकलसाठी, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यासाठी, याहून चांगली शिदोरी नाही. फक्त डोकं कुठं ठेवायचं हे नव्यानं शिकावं लागतं. पळत येणाऱ्याच्या वाटेत डोकं आडवं यायला नको. ते त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला घासेल असं असलं पाहिजे. तुमच्या मुलाचे प्रशिक्षक हे रोज घोटून घेतात का, ते एकदा मैदानावर जाऊन बघा. घेत नसतील तर क्लब बदला.

प्रश्न : क्रिकेटमध्ये एकोणतिसाव्या वर्षी फलंदाज ऐन बहरात येतो. मग तुमचा हा वॉरबर्टन त्या वयात घरी का बसला? काही वादविवाद? — सेवानिवृत्त बँक अधिकारी, सांगली

उत्तर : वाद नाही, काका. शरीरानं नकार दिला. पण नेमका कशामुळे दिला, ते सांगायला थोडी जागा घेते, कारण या सदरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उत्तर हेच आहे.

सॅम सात नंबरची जर्सी घालायचा. या जागेला ओपनसाइड फ्लँकर म्हणतात. समोरच्या संघाचा चेंडूवाला टॅकल होऊन खाली पडला, की त्यानं चेंडू सोडायचा असा नियम आहे. त्याच क्षणी सात नंबरवाला तिथं पोचतो, पाय रोवतो, कमरेतून वाकतो आणि जमिनीवरच्या चेंडूला दोन्ही हात घालतो. स्वतःच्या पायांवर उभं राहून त्यानं दोन-तीन सेकंद पकड टिकवली आणि खालच्याला चेंडू सोडता आला नाही, तर पंच शिट्टी मारतात आणि पेनल्टी मिळते. अशा एका पेनल्टीवर सामने फिरतात. खेळाडू याला जॅकल म्हणतात.

आता ती दोन-तीन सेकंद बघा. याची पाठ आडवी, मान पुढं, दोन्ही हात चेंडूत अडकलेले. आणि समोरून शंभर-सव्वाशे किलोची दोघं-तिघं माणसं त्याला तिथून उडवून लावण्यासाठी धावत येतात. ते नियमात बसतं. धक्का मानेवर येतो, खांद्यावर येतो, कधी बाजूनं गुडघ्यावर येतो. हात सोडून सावरायची सोय नाही. हात सोडले तर चेंडू गेला. मी आमच्या क्लबाच्या सात नंबरवाल्याला सामन्यानंतर विचारते, ‘हाताला मुंग्या आल्या होत्या का?’ तो आधी नाही म्हणतो. मग त्याची आई मागून म्हणते, ‘घरी चमचा धरता येत नव्हता त्याला.’ मानेतली नस ताणली किंवा दबली, की खांद्यापासून बोटांपर्यंत विजेचा लोळ गेल्यासारखं होतं. गावच्या क्लबात हे, तर कसोटी सामन्यात, म्हणजे देशादेशांतल्या लढतीत, काय होत असेल!

सॅमचा जन्म १९८८ चा, कार्डिफचा. व्हिचर्च हायस्कूल नावाच्या साध्या सरकारी शाळेत शिकला. फुटबॉलपटू गॅरेथ बेल आणि सायकलपटू गेरेंट थॉमस त्याच शाळेचे. २००९ मध्ये तो वेल्सकडून पहिल्यांदा खेळला आणि २०११ च्या विश्वचषकाला बाविसाव्या वर्षी कर्णधार म्हणून गेला. तिथल्या उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या खेळाडूला उचलून टाकल्याबद्दल विसाव्या मिनिटाच्या आतच त्याला लाल कार्ड मिळालं. चौदा जणांनी तासभर झुंज दिली आणि वेल्स ८-९ असं हरलं. इथल्या पबमध्ये अजून त्या कार्डावरून आवाज चढतात. पण त्या रात्री पंचांविरुद्ध थयथयाट न करणारा कर्णधार वेल्सनं पाहिला, आणि तो कायमचा त्यांच्या मनात बसला. २०१२ मध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेत पाचही सामने जिंकले. २०१३ मध्ये चोविसाव्या वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा कर्णधार. लायन्स म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड या चौघांचा मिळून चार वर्षांतून एकदा दौऱ्यावर जाणारा संघ. ऑस्ट्रेलियातल्या त्या दौऱ्यात दुसऱ्या कसोटीत त्याच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला, आणि मालिका जिंकून देणारी तिसरी कसोटी त्याला बाहेर बसून बघावी लागली. २०१७ मध्ये पुन्हा लायन्सचा कर्णधार, यावेळी न्यूझीलंडमध्ये. तिसरी कसोटी १५-१५, मालिका बरोबरीत. जगज्जेत्यांना त्यांच्या घरी जिंकू दिलं नाही.

तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पुढं मानेची शस्त्रक्रिया, गुडघ्याची शस्त्रक्रिया, अख्खा हंगाम बाहेर. २०१८ च्या जुलैमध्ये सरावाला परतला आणि शरीर आता ते ओझं घेणार नाही, हे त्याला कळून चुकलं. वेल्सकडून ७४ सामने खेळून थांबला. मी त्याच्यावर कधी उपचार केले नाहीत, त्याला पाहिलं ते स्टँडमधूनच. तरीही ती बातमी वाचून मला हायसं वाटलं होतं. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडायचा निर्णय त्यानं वेळेत घेतला, याबद्दल मला त्याच्याविषयी विजेतेपदांपेक्षा जास्त आदर आहे.

प्रश्न : शनिवारी एक सामना, ऐंशी मिनिटं. बाकी आठवडाभर हे लोक करतात काय? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : शनिवारचा सामना म्हणजे तुझी सेमिस्टरची परीक्षा समज, बाकीचा आठवडा अभ्यास.

सोमवारी सकाळी आधी वजन आणि ‘काय काय दुखतंय’ याची नोंद. मग आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर रांग. कुणाचा घोटा, कुणाची बोटं, कुणाचा खांदा. त्यानंतर सामन्याचा व्हिडिओ. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या कापून ठेवलेल्या असतात आणि सगळ्यांसमोर दाखवल्या जातात. मंगळवार सगळ्यात जड. व्यायामशाळा, स्क्रम (दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी एकमेकांत अडकून रेटणं), लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून आत फेकलेला चेंडू उंच उठून झेलणं), अंगाला अंग भिडणारा सराव. बुधवारी बहुधा सुट्टी. गुरुवारी वेगाचा सराव, शुक्रवारी हलकी उजळणी, शनिवारी सामना. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जर्सीच्या आत काडेपेटीएवढं एक यंत्र असतं. किती मीटर पळाला, किती वेळा जोरात थांबला, हे सगळं त्यावरून कळतं. थकवा लपवता येत नाही.

सरावात किती भिडायचं, यालाही आता माप आहे. २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बी हे खेळाचं जागतिक मंडळ आणि खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून मार्गदर्शक मर्यादा घातली : पूर्ण जोरानं भिडणं आठवड्याला १५ मिनिटं, नियंत्रित भिडणं ४० मिनिटं, स्क्रम-लाइनआउटचा सराव ३० मिनिटं. हे आकडे लक्षात ठेव, पुढच्या एका उत्तरात लागतील.

आणि हो, खातात भरपूर. ते तुझ्या पत्रातलं दुसरं कुतूहल होतं.

प्रश्न : १९९५ साली केबलवर जोना लोमूला पाहिलं आणि वेडा झालो. त्या काळी त्याला किती पैसे मिळायचे हो? आणि आज? — एक वाचक, दादर

उत्तर : दादर वाचून बरं वाटलं. तुम्ही पाहिलात तो विश्वचषकाचा, १८ जूनचा केप टाउनचा उपांत्य सामना असणार. न्यूझीलंडचा वीस वर्षांचा लोमू, इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं), त्यातला एक तर समोर आलेल्या माइक कॅटला सरळ तुडवून. आता हे ऐका : त्या दिवशी कागदोपत्री तो हौशी खेळाडू होता! खेळण्याचा पगार घ्यायची युनियनमध्ये कुणालाच परवानगी नव्हती.

याचं मूळ १८९५ मध्ये आहे. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत खाणीत, गिरणीत राबणारे कामगार खेळायचे. शनिवारी सामन्याला गेलं की मजुरी बुडायची. ती भरून द्या, असं ते क्लब म्हणत होते. लंडनच्या मंडळानं नकार दिला आणि हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन त्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढं रग्बी लीग झाली. मग शंभर वर्षं युनियनवाल्यांनी लीगकडे जाणाऱ्याला वाळीत टाकलं. आमच्या वेल्समधून जोनाथन डेव्हिससारखा हिरा १९८९ मध्ये विडनेसच्या लीग क्लबात गेला, तो संसारासाठीच. खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडत होते, आणि राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर घर चालत नव्हतं. कामगाराच्या पोराला फुकट खेळायला लावून त्यालाच खेळाची शुद्धता म्हणायचं, हा मला या खेळाच्या इतिहासातला मोठा अन्याय वाटतो.

१९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मंडळांनी दहा वर्षांसाठी ५५ कोटी डॉलरचा दूरचित्रवाणी करार जाहीर केला, आणि त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बैठकीत हौशीपणाचं बंधन उठलं. लोमू त्या पैशाच्या युगाचा पहिला चेहरा. पण त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्याचं निदान झालं. तशा शरीरानं तो १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय करून गेला. २००४ मध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं. आणि २००५-०६ च्या हंगामात तो आमच्या कार्डिफच्या संघात आला! इथले जुने लोक अजून सांगतात, की तो पूर्वीचा लोमू राहिला नव्हता, पण मैदानात आला की सगळे उभे राहायचे. २०१५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी तो गेला. ६३ कसोटी, ३७ ट्राय.

आजचं म्हणाल, तर वरचे मूठभर खेळाडू चांगलं कमावतात, विशेषतः फ्रान्स आणि जपानमध्ये. पण एकूण धंदा डळमळीत आहे. इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये क्लबानं खेळाडूंच्या पगारावर वर्षाला साधारण ६४ लाख पौंडांपर्यंतच खर्च करायचा, अशी मर्यादा आहे, आणि तेवढेही अनेकांना पेलत नाहीत. २०२२ च्या शरद ऋतूत वूस्टर बुडाला, पाठोपाठ वॉस्प्स. हा १८६७ पासूनचा क्लब, दोनदा युरोपचा विजेता! २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश गेला. हंगाम सुरू असताना माणसाच्या हातात करार होता आणि महिन्याभरात तो रद्दी झाला. वेल्समध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत करारांवरून खेळाडू इतके टेकीला आले, की इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर संप करायची भाषा झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये कार्डिफचा संघच दिवाळखोरीत गेला आणि वेल्सच्या मंडळाला तो ताब्यात घ्यावा लागला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चार व्यावसायिक संघांचे तीन करणार असल्याचं मंडळानं जाहीर केलं. एक संघ कमी म्हणजे किती घरांचे हप्ते थकतील, याचा हिशेब बैठकीत कुणी मांडला असेल का, असं मला ते वाचताना वाटलं.

प्रश्न : रग्बी खेळाडूंचे कान असे पिळल्यासारखे का दिसतात? — एक वाचक, बार्शी

उत्तर : आपल्या जुन्या पैलवानांचे कान आठवा, कारण तेच. स्क्रममध्ये डोकी एकमेकांवर घासतात, कानाच्या कूर्चेत रक्त साकळतं आणि ते वेळेत काढलं नाही तर तिथंच घट्ट होऊन बसतं. ऐकू येण्यावर सहसा परिणाम होत नाही. काही जण कानावरून चिकटपट्टी गुंडाळतात, काही मऊ टोपी घालतात. ती टोपी कान वाचवते, मेंदू वाचवत नाही. टोपी घातली म्हणून डोकं सुरक्षित, असं कुणी समजू नये.

प्रश्न : मी स्वतः डॉक्टर आहे. मुलगा परदेशात शिकायला गेलाय आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघात रग्बी खेळतो. मेंदूला मार बसण्याबद्दल जे वाचतोय त्यानं झोप उडाली आहे. खरं काय? — नागपूर

उत्तर : डॉक्टर, तुमची काळजी रास्त आहे. या खेळावर माझं प्रेम असूनही मी ती कमी करून सांगणार नाही.

२००३ चा विश्वचषक इंग्लंडनं सिडनीत जिंकला. जॉनी विल्किन्सनची ती शेवटच्या क्षणांची किक जगाला पाठ आहे. त्या संघाचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला खेळाडू, होता स्टीव्ह थॉम्पसन. २०२० मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. व्हिडिओ बघतो, त्यात स्वतःला बघतो, पण तिथं असल्याची आठवण नाही. २०२२ मध्ये वेल्सचा माजी कर्णधार रायन जोन्सनं, वय ४१, आपल्यालाही तेच निदान झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी आमच्या क्लबात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अशा अनेक माजी खेळाडूंनी वर्ल्ड रग्बी आणि इंग्लंड-वेल्सच्या मंडळांवर खटला भरलेला आहे.

माझं स्वतःचं मत असं, की सामन्यातल्या एका मोठ्या धक्क्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरा घात आठवड्याच्या मधल्या वारी झाला. १९९५ नंतर खेळाडू पगारी झाले, रोज हाताशी आले, आणि मग रोज भिडवले गेले. स्क्रम मशीनवर, एकमेकांवर, महिनोन्महिने. बेशुद्ध न पाडणारे, कुठं नोंद न होणारे शेकडो धक्के. वर सांगितलेली पंधरा मिनिटांची मर्यादा आली २०२१ मध्ये. मधली पंचवीस वर्षं ज्यांच्या वाट्याला आली, ते आज कोर्टात उभे आहेत.

आता काय बदललं, तेही सांगायला हवं. वरच्या पातळीवर शंका आली की खेळाडूला बारा मिनिटं बाहेर नेऊन तपासतात. डोक्यावर टॅकल गेला तर लाल कार्डापर्यंत शिक्षा होते. २०२४ पासून वरच्या स्पर्धांत दातांच्या संरक्षकात चिप असते. डोक्याला जबर हिसका बसला की ती मैदानाकडेच्या डॉक्टरला कळवते.

विद्यापीठाच्या मैदानावर यातलं बरंचसं नसतं. तिथं माणूसच लागतो. मी काय करते सांगते. पोरगा उठताना अडखळला की मी आत जाते आणि पाच प्रश्न विचारते : आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कुणी केले? गेल्या सामन्यात कोणाशी खेळलो? तो जिंकलो का? गेल्या हिवाळ्यात एकानं चार उत्तरं फाडफाड दिली आणि पाचव्याला हसून म्हणाला, ‘जिंकलो असणार.’ हरले होते. मी त्याला बाहेर काढलं. त्याचे वडील कठड्यापलीकडून माझ्यावर ओरडत होते, पोराला काही झालेलं नाही म्हणून. अर्ध्या तासानं तो मुलगा गाडीपाशी उलटी करत होता, आणि वडील त्याची पाठ चोळत होते. सगळी उत्तरं बरोबर आली तरी मेंदूला मार नाही असं होत नाही, हे तुम्ही जाणताच. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. ब्रिटनमधल्या हौशी खेळासाठी नियम आहे, की मेंदूला मार बसल्यावर लवकरात लवकर एकविसाव्या दिवशीच सामन्यात परतायचं, तेही लक्षणं पूर्ण गेली असतील तर.

तुमच्या मुलाला फोनवर फक्त एवढं विचारा : मैदानावर हा निर्णय कोण घेतं? उत्तर ‘प्रशिक्षक’ असं आलं, तर काळजी करा. संघ जिंकावा ही ज्याची गरज आहे, त्याच्या हातात हा निर्णय असता कामा नये.

प्रश्न : खेळता खेळता शिक्षण पुरं करता येतं का, की ते सांगायचंच? — वाचक, औरंगाबाद

उत्तर : येतं, आणि उदाहरणं इथलीच देते. जेमी रॉबर्ट्स वेल्सकडून ९४ सामने खेळला आणि खेळत असतानाच कार्डिफ विद्यापीठातून डॉक्टर झाला. कोरोनाच्या साथीत इथल्या आरोग्यसेवेच्या मदतीला तो उभा राहिला. अलन विन जोन्स, वेल्स आणि लायन्स मिळून १७० कसोटी सामन्यांचा मानकरी, त्यानं स्वॉन्झीतून कायद्याची पदवी घेतली. हॅलम एमॉस हा वेल्सचा विंगर तर सत्ताविसाव्या वर्षी धडधाकट असताना खेळ सोडून वैद्यकीच्या पेशात गेला. न्यूझीलंडचा रिची मॅकॉ, दोन विश्वचषक जिंकलेला कर्णधार, निवृत्तीनंतर हेलिकॉप्टर चालवायला लागला. तेही कौशल्य त्यानं खेळत असतानाच कमावलं होतं.

यांना वेळ जास्त मिळाला असं नाही. बुधवारच्या सुट्टीत दुसरे झोपा काढत होते, हे लायब्ररीत होते. आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी परीक्षेच्या दिवशी सरावाला बोलावलं नाही, याचं श्रेय त्या प्रशिक्षकांनाही द्यायला हवं.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. आमच्या शाळेत मुलींचं रग्बी सुरू झालंय. मला खूप आवडतं. मुलींना यात पुढं काही आहे का? आणि आईला पटवून देण्यासाठी काय सांगू? — नाशिक

उत्तर : आहे, आणि तू अगदी योग्य वेळी जन्मली आहेस. इंग्लंडनं २०१९ च्या जानेवारीत पंधराच्या संघातल्या २८ जणींना पूर्णवेळ पगारी करार दिले. वेल्सनं २०२२ मध्ये पहिल्या बारा जणींना दिले. त्याआधी त्या मुली नोकरी करून, संध्याकाळी सराव करून देशासाठी खेळत होत्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, इंग्लंड आणि कॅनडा. ८१ हजारांवर माणसं होती! आपल्याकडे २०१९ मध्ये भारताच्या मुलींनी मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधराच्या प्रकारातला पहिला विजय मिळवला. त्या संघातल्या कितीतरी मुली ओडिशातल्या आदिवासी पाड्यांतून आलेल्या.

आईला मात्र पगाराच्या गोष्टी आत्ता सांगू नकोस, ते लांब आहे. तिला तुझी तयारी दाखव. मुलींचा गुडघ्याचा लिगामेंट मुलांपेक्षा लवकर तुटतो, म्हणून उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत नाहीत ना, हे आरशात बघायला शीक. वर्ल्ड रग्बीचा ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा, इंटरनेटवर फुकट. त्यात मानेचेही व्यायाम आहेत. तुझ्या सरांना किंवा मॅडमना सांगून आठवड्यातून तीनदा तो सगळ्या संघाकडून करून घे. आणि दुकानात मिळणारं दातांचं संरक्षक घेऊ नकोस; दंतवैद्याकडे जाऊन मापाचं करून घे. पैसे थोडे जास्त पडतील. आईबरोबर जा, म्हणजे डॉक्टरांना विचारायचं ते तीही विचारून घेईल.